पट्टेरी क्लिव्हिया फुलत का नव्हती: एका कुंडीचा अभ्यास

क्लिव्हिया हे लांब पानांचं, केशरी फुलांचं, कुंडीत लावतात ते झाड. त्यातली व्हेरिगेटेड, म्हणजे पट्टेरी पानांची क्लिव्हिया फुलायला नाखूश असते, तिच्याकडून पानांपलीकडे काही मागू नये, असा एक समज झाडं लावणाऱ्यांमध्ये पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली झाडं वर्षानुवर्षं अडून राहतात. इथे मांडलेलं प्रकरण अशाच एका झाडाचं आहे.

झाड क्लिव्हिया मिनिआटाचं, क्रीम ते पांढऱ्या रंगाच्या उभ्या पट्ट्यांचं. मालकीणबाईंनी ते पाच पानांच्या फुटव्यापासून वाढवलेलं. मी पाहिलं तेव्हा मुख्य झाडाला १७ पानं होती, बुंध्याशी तीन फुटवे होते आणि कुंडी ३० सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे गरजेपेक्षा बरीच मोठी होती. इतक्या वर्षांत फुलं एकदाच दिसली होती, तीही पानांच्या बेचक्यात चेंगरलेली. दांडा वर आलाच नव्हता. त्यानंतर खत वाढवून झालं, कुंडी बदलून झाली, एका उन्हाळ्यात झाड थेट उन्हात ठेवूनही झालं. उन्हाने पानं करपली आणि झाड पुन्हा आत आलं.

मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "काकू, रात्री इथे किती गार होतं?"

"गार कसलं? घरातली सगळ्यात उबदार जागा आहे ही. नाजूक झाड ना गं, म्हणून तर इथे ठेवलंय."

निम्मं निदान या उत्तरातच होतं. तरी केवळ तेवढ्यावर विसंबून चालत नाही, कारण फूल न येण्याची कारणं अनेक असतात आणि पट्टेरी झाडात ती एकमेकांत गुंततात. म्हणून एकेक बाजू तपासली.

हे झाड मुळात कुठलं

क्लिव्हिया मिनिआटा ही दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातली आणि लगतच्या एस्वातिनी (पूर्वीचा स्वाझीलँड) या देशातली. क्वाझुलू-नाताल आणि ईस्टर्न केप या प्रांतांतल्या जंगलांत ती मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्यात, कधी खडकांच्या कपारीत वाढते. तिथे पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा गार, कोरडा असतो. तिच्या सगळ्या सवयी या दोन गोष्टींतून आलेल्या आहेत. तिला कांदा नसतो. असतात ती जाड, मांसल मुळं, आणि त्यांच्यावर ऑर्किडच्या मुळांसारखं पांढरट, पाणी शोषून धरणारं आवरण असतं. पाण्याचा साठा या मुळांतच असतो, त्यामुळे कोरडे आठवडे ती सहज काढते. सतत ओल्या मातीत मात्र तीच मुळं कुजतात.

या वंशाला क्लिव्हिया हे नाव १८२८ साली इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी दिलं, नॉर्थम्बरलंडच्या डचेस लेडी शार्लट फ्लोरेन्शिया क्लाइव्ह यांच्यावरून. प्लासीच्या लढाईतल्या रॉबर्ट क्लाइव्हची ही नात. तिच्या सायन हाउसमध्ये या वंशातली एक जात, क्लिव्हिया नोबिलिस, तेव्हा फुलली होती. आपल्याकडच्या इतिहासाशी असा धागा निघाला की मला त्या झाडाविषयी थोडी जास्त आपुलकी वाटते.

पट्टे आजाराचे की जन्माचे

व्हेरिगेशन म्हणून घरात आलेली काही झाडं प्रत्यक्षात विषाणूबाधित असतात. तसं असेल तर फुलाची खटपट बाजूला ठेवून झाड वेगळं काढावं लागतं. म्हणून ही शंका आधी मिटवली.

क्लिव्हियाचं पान तळापासून वाढतं. जुना भाग वर सरकतो आणि नव्या पेशी बुंध्याशी तयार होत राहतात. त्या तळच्या पेशींपैकी एखादीतून हरितद्रव्य बनवण्याची क्षमता गेलेली असेल, तर तिच्यापासून निघालेल्या सगळ्या पेशी पांढऱ्याच होतात आणि पानाच्या तळापासून टोकापर्यंत एक अखंड, सरळ पट्टा उमटतो. त्याची कड धारदार असते. विषाणूचे डाग असे वागत नाहीत. ते तुटक आणि धूसर कडेचे असतात, कधी ठिपक्यांचे तर कधी नागमोडी, आणि पानाचा पृष्ठभागही बऱ्याचदा उंचसखल होतो. या झाडाचा प्रत्येक पट्टा बुंध्यात शिरत होता, आणि दोन रांगांतल्या पानांवर, एकाआड एक, जवळपास त्याच जागी पुन्हा दिसत होता. पट्टे जन्माचे होते.

उन्हात करपल्याची खूणही अजून होती. एका जुन्या पानावर पांढरा पट्टा तपकिरी, कागदी झाला होता आणि त्याला अगदी चिकटून असलेला हिरवा पट्टा शाबूत होता. पांढऱ्या भागाला उन्हापासून संरक्षण जवळजवळ नसतं. त्याच वेळी पानाचा बराच भाग अन्न तयार करत नसल्यामुळे अशा झाडाला हिरव्या क्लिव्हियापेक्षा जास्त उजेड लागतो. जास्त उजेड हवा, पण थेट ऊन नको, अशी ही कात्रीत सापडलेली मागणी आहे. इथे तर झाड खिडकीपासून तीन मीटर आत होतं. १७ पानं त्याने एवढ्या उजेडात केली हेच नवल.

बुंध्यातला पुरावा

आता मुख्य मुद्दा. क्लिव्हियाला साधारण बारा-तेरा पानं झाली की ती फुलाच्या वयाची होते. त्यानंतर दर चार-पाच पानांमागे बुंध्याच्या आत एक कळ्यांचा गुच्छ तयार होतो. हे काम ती थंडीची वाट न पाहता करत असते. थंडी लागते ती पुढच्या टप्प्याला, दांडा लांब होण्यासाठी. म्हणून "फूल येत नाही" ही तक्रार ऐकली की आधी विचारायचं ते हे, की कळी तयारच होत नाहीये, की तयार होऊन आतच अडतेय?

मधली दोन पानं बोटांनी हळूच फाकवली. पानांच्या तळाशी, बेचक्यात, अंगठ्याच्या नखाएवढं एक चपटं, वाळून कागद झालेलं टोक होतं. ते चिमट्याने उचललं तर आत मोहरीएवढ्या सुकलेल्या कळ्या एकमेकींना चिकटलेल्या. तिथून बाहेरच्या बाजूला चार पानं मोजली आणि पुढचं बेचकं उघडलं. तिथेही तसाच अवशेष निघाला. आणखी पाच पानांनंतर तिसरा. म्हणजे झाड फुलण्याची तयारी करत होतं, पुन्हा पुन्हा. कोणाला ते दिसलं नव्हतं इतकंच. चेंगरलेली फुलं उमलली तो यातलाच एक प्रयत्न, जो त्यातल्या त्यात पुढे सरकला होता.

या तीन अवशेषांनी खताचा प्रश्न निकाली निघाला आणि पट्ट्यांचाही. झाड उपाशी असतं किंवा पट्ट्यांमुळे फुलायला असमर्थ असतं, तर कळ्या धरल्याच नसत्या.

किमान-कमाल तापमापक झाडाशेजारी ठेवला. थंडीच्या दिवसांतही तिथलं रात्रीचं तापमान २१ अंशांच्या खाली उतरत नव्हतं. क्लिव्हियाला सहा ते आठ आठवडे, शक्य तर दहा, रात्री १० ते १३ अंशांच्या आसपास मिळाव्या लागतात. गोठवणारी थंडी मात्र तिला मानवत नाही, पानं जळतात.

काय केलं

कुंडीतून झाड काढल्यावर बाहेरची मुळं पांढरी, टणक निघाली आणि तळातली निम्मी तपकिरी, पोकळ. दाबली की साल हातात यायची आणि मधला दोरा तेवढा उरायचा. मोठ्या कुंडीत माती वाळतच नव्हती. क्लिव्हियाला मुळांनी कुंडी भरलेली आवडते, त्यामुळे मोठी कुंडी ही तिच्यावर केलेली मेहेरबानी नसते.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. कुंडी बदलल्याने त्या वर्षीचं फूल हुकू शकतं, म्हणून कुंडीबदल साधारणपणे फुलोऱ्यानंतर करतात. पण कुजलेली मुळं तशीच ठेवून झाडाला गारठ्यात नेणं धोक्याचं होतं. उष्ण हंगाम सरत असताना, थंडीला दोनेक महिने असताना, कुजका भाग स्वच्छ सुरीने कापला, झाड दोन दिवस सावलीत उघडं ठेवून जखमा सुकू दिल्या आणि २० सेंटीमीटरच्या मातीच्या कुंडीत लावलं. मिश्रणात निम्मे सालीचे तुकडे, पाव भाग परलाइट (पाणी झरू देणारे हलके पांढरे खडे) आणि पाव भाग कुजलेलं कंपोस्ट. लावताना बुंधा मातीत गाडला नाही, फक्त मुळं झाकली. पहिला आठवडा पाणी दिलं नाही. हातमोजे घालून हे काम करावं, कारण क्लिव्हियात लायकोरिन हे विषारी अल्कलॉइड असतं. घरात मांजर, कुत्रं किंवा लहान मूल असेल तर कापलेले तुकडे लगेच उचलावेत.

पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूणही थोडा सापडला. कापसाच्या बोळ्याने, अल्कोहोल लावून, काढून टाकला. तो बेचक्यातच लपतो, तेव्हा वरून फवारून फारसं साधत नाही.

गारव्यासाठी घरातल्या तीन जागा तापमापक ठेवून पाहिल्या. जिन्याच्या वळणावरची पूर्वेकडची खिडकी सगळ्यात सोयीची निघाली: रात्री ९ ते १३, दिवसा १५ ते १७ अंश. काचेतून येणारं सकाळचं ऊन पातळ पडद्याने गाळून घेतलं. या काळात खत पूर्ण बंद. पाणी तीन आठवड्यांतून एकदा, कपभर, तेही कुंडीच्या कडेने, पानांच्या मध्ये साचू न देता. पानं जराशी मऊ पडली. मऊ पडणारच. त्या वेळी पाणी घालण्याचा मोह टाळणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग आहे, असं मला मनापासून वाटतं.

सातव्या आठवड्यात पानांच्या मधोमध कळ्यांचं टोक दिसलं. काकूंना इतका आनंद झाला की कुंडी त्याच दिवशी उबदार खोलीत आली आणि तिला भरपूर पाणीही मिळालं. दांडा आठ सेंटीमीटरवर थांबला. नऊ फुलं उमलली, केशरी, आत पिवळी, पण पानांमध्ये दाटीवाटीने अडकलेली. टोक दिसणं म्हणजे थंडीचं काम संपणं नव्हे. दांडा पानांच्या बेचक्यातून सुटून साधारण १५ सेंटीमीटर होईपर्यंत झाड गार जागेतच राहायला हवं. पाणीही तोवर हळूहळूच वाढवायचं.

दुसऱ्या थंडीत एवढाच बदल केला. कुंडी तीच, मिश्रण तेच, जागा तीच, फक्त दांडा १८ सेंटीमीटरचा होईपर्यंत झाड हलवलं नाही. दांडा ३८ सेंटीमीटर उंच गेला, पानांच्या वर, सरळ. त्यावर १४ फुलं. खोली १६-१७ अंशांची ठेवल्याने ती जवळपास चार आठवडे टिकली.

पहिल्या वर्षी कुंडी, मुळं, उजेड आणि तापमान हे सगळंच एकदम बदललं होतं, त्यामुळे यश नेमकं कशाचं, असा प्रश्न कोणीही रास्तपणे विचारेल. माझा कौल तापमानाकडे आहे, आणि त्याला आधार बुंध्यातल्या अवशेषांचा आहे. मुळं कुजत असतानाच्या, अंधाऱ्या कोपऱ्यातल्या वर्षांतही कळ्या तयार झाल्या होत्या, अडत होता तो फक्त दांडा. दोन वर्षांच्या दांड्यांमधला फरकही तेच सांगतो, कारण त्या दोन वर्षांत वेगळी होती ती मुख्यतः गारव्यातल्या मुक्कामाची लांबी.

तीन फुटवे

या झाडाचे तीन फुटवे तीन तऱ्हांचे होते. एक पूर्ण हिरवा, एक आईसारखा पट्टेरी, आणि एक जवळजवळ पांढरा, प्रत्येक पानावर जेमतेम एखादी हिरवी रेघ असलेला. फुटवा बुंध्याच्या ज्या भागातून फुटतो त्या भागातल्या पेशी तो घेऊन येतो. हिरव्या पट्ट्याच्या रेषेत फुटला तर हिरवा, पांढऱ्याच्या रेषेत फुटला तर पांढरा, सीमेवर फुटला तर पट्टेरी. त्याचं भवितव्य फुटतानाच ठरलेलं असतं, खतापाण्याने पुढे बदलत नाही. हिरवा फुटवा "थोडा उजेड मिळाला की पट्टे धरेल" या आशेवर ठेवण्यात अर्थ नाही.

हिरवा फुटवा आईपेक्षा जोमाने वाढत होता. पूर्ण हरितद्रव्य असल्याने तो वाढणारच. तसाच राहिला असता तर काही वर्षांत कुंडी त्याचीच झाली असती. कुंडीबदलाच्या वेळी त्याला सात पानं आणि स्वतःची चार जाड मुळं होती. वळवून, मुळांसकट अलगद तोडून वेगळा लावला. तो साधा केशरी क्लिव्हिया म्हणून उत्तम चालला आहे, आणि पुढे बियांच्या प्रयोगात कामी आला.

पट्टेरी फुटव्याला तेव्हा मुळं फुटली नव्हती, म्हणून तो आईजवळच ठेवला. पट्टेरी फुटवे हिरव्यांच्या तुलनेत सावकाश वाढतात. त्यांना आठ-नऊ पानं आणि निदान तीन स्वतंत्र मुळं होईपर्यंत तोडू नये, असं माझं मत आहे.

पांढऱ्याबद्दल काकू फार हळव्या होत्या. तो दिसायला सगळ्यात सुंदर, आणि त्यालाच वेगळी कुंडी द्यावी असं त्यांचं म्हणणं. पण तो जगत होता तो आईने बनवलेल्या अन्नावर. तोडला असता तर साठा संपेपर्यंत टिकला असता आणि मग गेला असता. जागच्या जागी ठेवला तर वर्षानुवर्षं पांढराशुभ्र राहू शकतो. तो ठेवला.

बियांची गोष्ट

दुसऱ्या वर्षीच्या फुलांवर परागीकरण करून पाहिलं, कारण या पट्ट्यांचा वारसा कसा चालतो ते प्रत्यक्ष पाहण्यासारखं आहे. पट्टेरी झाडाच्या फुलांना एका हिरव्या क्लिव्हियाचा पराग लावला, आणि उलट, पट्टेरीचा पराग हिरव्याला.

फळं पिकायला क्लिव्हियात नऊ महिने ते वर्ष लागतं. पट्टेरी झाडावरची फळंसुद्धा पट्टेरी होती, हिरव्यावर पिवळसर उभ्या फाका, आणि पिकल्यावर लाल-पिवळ्या. त्यांच्या बिया गर काढून, धुऊन, ओल्या मिश्रणावर नुसत्या टेकवल्या. रोपं तीन प्रकारची निघाली: हिरवी, पूर्ण पांढरी आणि थोडी पट्टेरी. पांढरी रोपं बियांतल्या साठ्यावर काही महिने जगली आणि एकेक करून गेली. त्यांना वाचवण्याचा उपाय नाही. दुसऱ्या बाजूने, म्हणजे हिरव्या आईवर पट्टेरीचा पराग लावून आलेली रोपं, सगळीच्या सगळी हिरवी निघाली.

कारण हरितलवकं, म्हणजे पेशीतले हरितद्रव्य बाळगणारे कण, इथे आईच्या बीजांडातून येतात, परागातून नाही. हाच नियम जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ साली गुलबक्षीच्या पट्टेरी झाडांवर दाखवला होता: बी कोणत्या फांदीवरच्या फुलाचं, यावर रोपाचा रंग ठरतो, पराग कोणाचा यावर नाही. त्यामुळे "व्हेरिगेटेड क्लिव्हियाच्या परागापासूनचं रोप" म्हणून कोणी बी देऊ केलं, तर आई कोण होती हे विचारावं. आई हिरवी असेल तर त्या बीतून पट्ट्यांची आशा धरू नये.

वाचलेल्या पट्टेरी रोपांपैकी फार थोड्यांचे पट्टे सारखे विभागलेले आहेत. एका बाजूला पांढरं आणि दुसऱ्या बाजूला हिरवं असं असलेलं रोप पुढे वाकडं वाढतं, कारण हिरवी बाजू जोमाने वाढते. बियांपासून फुलापर्यंत हिरव्या क्लिव्हियालाच चार-पाच वर्षं लागतात, यांना त्याहून जास्त लागतील. काकूंनी तीन रोपं ठेवली, बाकीची हिरवी वाटून टाकली.

आईझाडाची सध्याची दिनचर्या अशी: उष्ण महिन्यांत खिडकीजवळ गाळलेला उजेड, वरची दोन बोटं मिश्रण सुकल्यावर पाणी, महिन्यातून एकदा पातळ द्रवखत, ज्यात नत्र कमी आणि पोटॅश जास्त. थंडीची चाहूल लागली की खत बंद आणि मुक्काम जिन्यात. पट्टेरी फुटव्याला नुकतंच नववं पान आलं आहे आणि दोन मुळं कुंडीच्या कडेशी दिसू लागली आहेत. तिसरं मूळ दिसलं की, या वर्षीचा फुलोरा आटोपल्यावर, तो वेगळा करायचं ठरलं आहे.